श्रेयांकांचा हिशेब

गेल्या वैशाखांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या आम्हांस भेटावयास आली. शहरांतील एका खासगी संस्थेंत ती दोन वर्षें शिकली. आजोबांच्या आजारपणामुळें तिला घराजवळच्या महाविद्यालयांत यावयाचें होतें. तेथें तिला सांगण्यांत आलें कीं, पहिल्या संस्थेस पदवी देण्याचा अधिकारच नाहीं. सबब हीं दोन वर्षें जमेस धरतां येत नाहींत. तिनें वह्या आमच्यापुढें ठेविल्या. टिपणें इतकीं चोख कीं, काय बोलावें हें आम्हांस सुचेना.

विद्या एक आणि तिची मान्यता दुसरी. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. त्यास कायद्याची मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडलें. मधल्या पस्तीस वर्षांत तेथील 'गृहीतागमा' विदुषी नव्हत्या, असें कोण म्हणेल? पण कर्व्यांनीं आपली स्थिती कोणापासून लपविली नव्हती. आजच्या कित्येक जाहिराती नेमकें तेंच लपवितात.

पदवी कोणीं द्यावी हें १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२ व्या कलमांत सांगितलें आहे. १९९४ सालीं स्थापन झालेली 'नॅक' संस्था जी श्रेणी देते, ती गुणवत्तेची. पदवीच्या अधिकाराची नव्हे. सुशिक्षित घरांतही या दोहोंची गल्लत होते, याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां श्रेयांकांविषयीं. सत्रभर दर आठवड्यास एक तास व्याख्यान, म्हणजे स्थूलमानानें एक श्रेयांक. २०२१ पासून अशा श्रेयांकांची पेढीच निघाली आहे. विद्यार्थ्यानें खातें उघडावें. जमा मात्र संस्थेनें करावयाची. संस्था नोंदलेली नसेल तर जमेची बाजू कोरीच! आणि जमा झालेलें सर्व नव्या ठिकाणीं वठेलच असेंही नाहीं. अभ्यासक्रम जुळतो कीं नाहीं, हें तेथील मंडळी पाहतात. म्हणून जुनें महाविद्यालय सोडण्यापूर्वीं, किती श्रेयांक धरणार हें नव्याकडून लेखी घ्यावें. तोंडी आश्वासन कारकून बदलला कीं संपतें.

ती मुलगी यंदा पुन्हा पहिल्या वर्षास बसली आहे. तिच्या वडिलांनीं जुन्या संस्थेकडे शुल्क परत मागितलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.