अर्धे पुसा, अर्धे ठेवा

प्राथमिक शाळांना निदान फळा तरी मिळावा म्हणून १९८७ साली ‘खडू-फळा’ योजना आली. २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. फळा आहे, इंग्रजीही आहे. दोघांची गाठ मात्र अजून नीट पडलेली नाही. कित्येक वर्गांत कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर. मधोमध धड्याखालची प्रश्नोत्तरे आणि खाली माना घालून ती वहीत उतरवणारी मुले. घंटा झाली की डस्टर फिरते, फळा कोरा.

मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत कर्माच्या आधी. हे दहा वेळा तोंडी सांगितले तरी मुले ‘आय मँगो ईट’ म्हणायची ती म्हणतातच. ‘मी आंबे खातो’ लिहा, त्याखाली ‘आय ईट मँगोज’ लिहा आणि जोडीचे शब्द रेघांनी जोडा. ‘मी’ची रेघ सरळ उतरते, पुढच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात. ती फुली पाहिलेल्या मुलाला नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. मराठी आपण बहुतेक लिहितो तशीच वाचतो. म्हणून ‘नाइफ’मधला मुका ‘के’ मुलांना सापडत नाही. तो रंगीत खडूने काढावा आणि नवे शब्द डाव्या पट्टीत तास संपेपर्यंत राहू द्यावेत.

खरी गंमत डस्टरची आहे. ‘शी गोज टू स्कूल’मधला ‘शी’ पुसून ‘दे’ लिहिला की ‘गोज’चे शेपूट गळते. क्रियापद पुसून ‘वेन्ट’ लिहा; आता कर्ता कितीही बदला, ते ढिम्म हलत नाही. जे पुसले नाही, तेही शिकवते. डिजिटल फळ्यावर तयार वाक्य धपकन येऊन पडते, तेव्हा ही घडण मुलांना दिसतच नाही.

शेवटची पाच मिनिटे एकेक शब्द पुसत जावे आणि दर वेळी वर्गाने पूर्ण वाक्य म्हणावे. फळा इथेही कोराच होतो. पण वाक्य तोवर मुलांच्या तोंडी बसलेले असते.