आंबा रत्नागिरीचा की रत्नागिरीहून?



सीझन तोंडावर आला की माझ्या व्हॉट्सअपवर लेबलांचे फोटो यायला लागतात. "दादा, जरा बघा ना, कसं वाटतंय?" परवा एकावर शब्द मोजले. अस्सल, खास, प्रीमियम, नैसर्गिक, नंबर वन. आंबा कुठला, ते मात्र कुठेच नाही!

माझं मत सरळ आहे. लेबलवरचा शब्द गडग्यासारखा पाहिजे. आपण बागेला जांभ्या दगडाचा गडगा घालतो तो काय शोभेला नाही, बाहेरची गुरं बाहेर राहावीत म्हणून. तसा एकेक शब्द घ्या आणि विचारा, हा कोणाला बाहेर ठेवतो? 'अस्सल' कोणालाच ठेवत नाही, कारण 'नकली' लिहून आंबा विकणारा अजून जन्मायचाय. 'पावस गावच्या बागेतला' ठेवतो. 'पेटीत पाच डझन' ठेवतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. तीन वर्षांपूर्वी पीक कमी होतं आणि पुण्याच्या ऑर्डरींचे पैसे आधीच घेऊन बसलो होतो. एका व्यापाऱ्याने बाहेरचा माल स्वस्तात आणून दिला. 'रत्नागिरी हापूस' छापायची लाज वाटली, म्हणून स्टिकर केला 'थेट रत्नागिरीहून'. खोटं काय त्यात? पेटी माझ्याच दुकानातून निघाली होती. बीबीए केल्याचा उपयोग झाला असंही वाटलं तेव्हा.

आठवड्याने एका जुन्या कस्टमर काकूंचा फोन. "अहो, साल जाड आहे आणि कापल्यावर केशरी नाही, पिवळा निघतोय. आंबा रत्नागिरीचा आहे, की नुसता रत्नागिरीहून आलाय?"

मी म्हटलं, "हून."

त्यांनी फोन ठेवला. एकोणीस पेट्यांचे पैसे परत केले, पण काकूंची ऑर्डर पुन्हा आली नाही. 'चा' आणि 'हून' यांच्यामधून मी माल आत घातला होता, आणि त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

आता कायद्याचं बघा. 2018 मध्ये हापूसला जीआय मिळाला, तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. जीआय वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती करून घ्या. पण हा गडगा पाच जिल्ह्यांभोवती आहे. 'रत्नागिरीचा' म्हणायचं तर त्याच्या आतली रेघ तुम्हालाच मारायची आहे. बागेचं नाव, तोडणीची तारीख, डझन.

आणि बाहेरचा माल विकायचाच असेल तर 'कर्नाटकचा आंबा' असं ठळक लिहा, रास वेगळी लावा, भाव वेगळा लावा. काही जण मला म्हणतात, "रत्नागिरीत असला बोर्ड लावला तर लोक जोडे मारतील." मारू देत! पेटीत मिसळलेला सापडला तर काय मारतील?

आंब्यापुरतंच नाही हे. 'कोकम' एवढंच लिहून बाटली विकू नका. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, तो सोलकढीला. अमृत कोकम म्हणजे साखरेचं, ते पाणी घालून प्यायला. मुंबईच्या पाहुण्याने आगळाचं सरबत केलं तर दोष पाहुण्याचा नाही.

ऑफरचंही तेच. 'शनिवारपर्यंत' लिहिलंत, गिऱ्हाईक शनिवारी संध्याकाळी आलं आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, ऑफर संपली! 'शनिवार धरून' लिहा ना. 'धरून', 'सोडून', 'वगळून' हे आपल्या मराठीतले फार कामाचे शब्द आहेत आणि छापायला जागाही कमी लागते. 'आठ दिवसांत डिलिव्हरी' तर लिहूच नका. आपण आठ दिवस म्हणतो आणि मोजतो सात, त्यामुळे आठव्या दिवशी भांडण ठरलेलं. सरळ तारीख टाका.

लेबलं पाठवत राहा, वेळ मिळेल तशी बघतोच. पाठवण्याआधी फक्त 'अस्सल' तेवढं खोडा, कारण मी पहिलं तेच सांगणार आहे.