अपोलो ८ : जिम लॉवेल यांचं एक चुकलेलं इनपुट आजही का महत्त्वाचं?

७ ऑगस्ट २०२५ रोजी अंतराळवीर जिम लॉवेल यांचं वयाच्या ९७ व्या वर्षी निधन झालं. फ्रँक बोरमन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि बिल अँडर्स जून २०२४ मध्ये गेले. डिसेंबर १९६८ मध्ये चंद्राला प्रदक्षिणा घालणारी पहिली तीन माणसं आता आपल्यात नाहीत. लॉवेल म्हटलं की सगळ्यांना अपोलो १३ आठवतं. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला मात्र अपोलो ८ मधली त्यांची एक चूक जास्त शिकवून जाते.

नेमकं काय झालं?

चंद्राभोवती १० फेऱ्या मारून यान परत येत होतं. लॉवेल ताऱ्यांवरून यानाची दिशा तपासत होते. कॉम्प्युटरला सगळं कीपॅडवरून आकड्यांत सांगावं लागायचं. तारा क्रमांक ०१ द्यायच्या जागी त्यांच्याकडून प्रोग्रॅम ०१ सुरू झाला. हा प्रोग्रॅम उड्डाणाआधीच्या तयारीचा! कॉम्प्युटरला वाटलं, यान अजून लाँचपॅडवरच उभं आहे. यानाच्या दिशेची साठवलेली माहिती पुसली गेली. शेवटी लॉवेल यांनी रायजेल आणि व्याध या ताऱ्यांच्या आधाराने ती पुन्हा भरली. यात साधारण २५ मिनिटं गेली.

चूक कोणाची?

हा धोका आधीच कळला होता. एमआयटीत या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांच्या लहान मुलीने सिम्युलेटरशी खेळताना हाच प्रोग्रॅम निवडून तो बंद पाडला होता. हॅमिल्टन यांनी कोडमध्ये अटकाव घालायचं सुचवलं. उत्तर मिळालं, अंतराळवीर इतके प्रशिक्षित असतात की ते असं करणारच नाहीत. बदलाला परवानगी मिळाली ती या प्रसंगानंतर.

मेमरी तेव्हा फारच तुटपुंजी होती, खोडून लिहिता येणारी जेमतेम ४ केबी. त्यामुळे प्रत्येक जादा ओळ महाग होती, हे खरंच. पण 'युझर चुकणार नाही' हे गृहीतक त्याहून महाग पडलं असतं.

तुमच्या फोनशी काय संबंध?

यूपीआयवर पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, डिलीट केलेला फोटो काही दिवस ट्रॅशमध्ये राहतो. यामागे हाच विचार आहे. म्हणून एखाद्या अ‍ॅपमध्ये चुकून बटण दाबलं आणि कस्टमर केअर म्हणालं, 'तुमचीच चूक', तर लगेच मान्य करू नका. अ‍ॅपने आधी विचारलं होतं का, ते बघा. चंद्रावरून परतणारा कसलेला पायलटही चुकला होता.