डिझेल वाचवणारा वेग, जीव वाचवणारा वेग

स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर पोटात घेऊन अमेरिकेच्या महामार्गांवर धावणारे मोठे डिझेल मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घरच. डिझेल वाचवण्याचा सर्वांत सोपा उपाय चालकाच्या पायाखाली असतो. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९०ऐवजी ११० किलोमीटर वेग ठेवला, की तो दीडपट होतो. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर आणि धडकेतली ऊर्जाही तितकीच वाढते. शंभर किलोमीटरमागे वाचतात मात्र जेमतेम १२ मिनिटे! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. तेव्हा वेग आवरणे ही केवळ काटकसर नव्हे. ती आरोग्याचीही काळजी आहे.