कार्ड विकण्याआधी तपासणीची मजुरी घ्या

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आपली पुष्कळ मुले आहेत. कोणी कोर्स करून, कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखाद्या दुकानात उमेदवारी करून हा हुनर शिकला आणि गावात येऊन गाळा घेऊन बसला. या गाळ्यांवर एक जोडी हमखास येते : बाप आणि मुलगा. मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून कंपनीतून निघालेला जुना डेल किंवा एचपीचा सेट घेतलेला असतो. मुलाला त्यावर जीटीए फाइव्ह खेळायचा असतो. बाप म्हणतो, "भाई, एक ग्राफिक्स कार्ड टाकून द्या."

गेम खेळावेत की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. (कोणता गेम आहे ते बापाने एकदा शेजारी बसून पाहावे, एवढे मात्र आम्ही म्हणू.) आमचा प्रश्न गल्ल्यावर बसलेल्या भावाला आहे. तो या बापाला काय सांगतो?

खरे सांगायचे तर आधी पेटी उघडावी लागते. अशा सेटमध्ये पॉवर सप्लाय बहुधा २४० ते ३०० वॉटचा असतो आणि कार्डाला जादा वीज देणारी वायर त्यात नसते. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॉट मिळतात; काही लहान पेट्यांत तेवढेही नाहीत. म्हणजे ६० वॉटचे जीटीएक्स ७५० टीआय, ७५ वॉटचे १०५० टीआय किंवा १६५०, अशीच कार्डे चालायची, आणि पेटी लहान असेल तर त्यांतलीही अर्ध्या उंचीची. १८५ वॉटचे आरएक्स ५८० स्वस्तात मिळाले म्हणून जोडवायर लावून बसवणारे आम्ही पाहिले आहेत. काही दिवस चालते. मग सप्लाय जातो आणि कधी कधी मदरबोर्डलाही सोबत नेतो.

पुष्कळदा तर अडचण कार्डाची नसतेच. सेटमध्ये चार जीबीची एकच रॅम असते आणि जुनी, घरघरणारी हार्ड डिस्क. रॅमची दुसरी पट्टी आणि एक एसएसडी टाकली की तेच मशीन अभ्यासाला आणि हलक्या गेमला चालू लागते. खर्चही कमी येतो. पण यात दुकानदाराला नफा थोडा, आणि कार्डात जास्त. गाडी अडते ती इथे.

आता मालाविषयी. इथेरियमचे नाणे कार्डांवर काढण्याचे काम सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाले आणि त्या कामात रात्रंदिवस तापलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. ती सगळीच वाईट नसतात; पंखा आणि पेस्ट बदलून बरीच नीट चालतात. पण ती 'नवी' नव्हेत. त्याहून वाईट प्रकार म्हणजे नकली कार्ड. जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डाचे बायोस बदलून त्याला १०५० टीआय म्हणून विकतात. स्क्रीनवर चार जीबी दिसते, आत असते एक. ओळखण्याची एक सोपी खूण आहे : १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीए निघतच नाही, तेव्हा त्या नावाच्या कार्डाला निळे व्हीजीएचे तोंड दिसले की सावध व्हावे. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी नकली कार्डे नावानिशी पकडते. दोन मिनिटांचे काम आहे.

रसूलुल्लाह (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना आत ओल लागली, आणि ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. कार्डाच्या ढिगात हात घालणे गिऱ्हाइकाला जमत नाही. ते फक्त आपल्यालाच जमते, म्हणून जबाबदारीही आपलीच.

आणखी एक ओल सांगायची असते. ७५० टीआय आणि १०५० टीआय यांच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या या सेटना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. जुना जीटीए चालेल, उद्याचा गेम चालेलच असे नाही. हे ऐकून बाप कदाचित परत जाईल.

"मग आम्ही खायचे काय?" असे आमचे दुकानदार बंधू विचारतात. रास्त प्रश्न आहे. आमचे म्हणणे असे की, जोवर दुकानदाराची रोजी केवळ कार्डाच्या नफ्यावर आहे, तोवर "कार्ड घेऊ नका" हे शब्द त्याच्या तोंडून निघणे कठीण. म्हणून तपासणीची मजुरी वेगळी घ्या. दोनशे घ्या, तीनशे घ्या, पण पाटीवर लिहून घ्या. पेटी उघडणे, सप्लाय पाहणे, गेमला काय लागते ते सांगणे, हेही कारागिराचे कष्टच आहेत. डॉक्टर औषध न देताही फी घेतोच की. काही दुकानांत कार्ड घेतल्यास तपासणी फुकट असते. तो रिवाज आम्हाला पसंत नाही. त्याने तराजू पुन्हा कार्डाकडेच झुकतो. सुरुवातीला चार गिऱ्हाइके कुरकुरतील, दोन शेजारच्या दुकानात जातील. हा तोटा खरा आहे आणि तो सोसावा लागेल.

जुना माल जुना म्हणून लिहिण्यात कराचेही नुकसान नाही. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल तर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला जीएसटी खरेदी-विक्रीतील फरकावरच भरता येतो. आपल्या हिशेबनिसाला नियम ३२(५) विचारावा. बिलावर कार्डाचे जीपीयू-झेडमध्ये दिसलेले नाव, मेमरी, नवे की जुने आणि हमी किती दिवसांची, एवढे असावे. याचा एक रबरी शिक्का करून घेतला की दर वेळी सगळे हाताने लिहीत बसावे लागत नाही.