महिनाभराची मेहनत ही उधारीच असते

खामगावच्या कापड बाजारातील दुकानात, मलकापूरच्या हायवेवरील गॅरेजमध्ये, नांदुऱ्याच्या दालमिलमध्ये किंवा चिखलीच्या बेकरीत काम करणाऱ्या कोणाही माणसाला विचारून पाहा की, कामाला लागलास त्या दिवशी मालकाने तुला कोणता कागद दिला? उत्तर बहुधा एकच मिळेल. "कागद कशाचा? सेठ म्हणाले उद्यापासून ये, मी आलो." पगार किती, सुट्टी कोणती, जास्त वेळ थांबलो तर काय मिळणार, हे सारे तोंडी. मालकाला विचारावे तर तो म्हणतो, आपलाच पोरगा आहे, त्यात लिहायचे काय?

'आपलाच पोरगा' या दोन शब्दांवर आपल्या जिल्ह्यातील अर्धा बाजार चाललेला आहे. त्यात आपुलकी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पोराच्या बहिणीच्या लग्नाला सेठ मदत करतो, घरात आजारपण आले तर डॉक्टरचे बिल भरतो. परंतु तोच पोरगा दहा वर्षांनी दुसऱ्या गावी काम शोधायला निघतो, तेव्हा आपण दहा वर्षे कोठे होतो हे दाखवण्यासाठी त्याच्या हातात चिटोराही नसतो. बँक कर्ज देत नाही आणि नवा मालक त्याला शिकाऊ धरूनच पगार सांगतो. मतभेद होऊन तो निघाला असेल तर मग विचारायलाच नको. जो कालपर्यंत घरचा होता, तो आज 'आमच्याकडे असा कोणी कामाला नव्हता' या वाक्यात बसवला जातो.

लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही समजूत आपल्या व्यापाऱ्यांत कोठून आली कोण जाणे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत इबादतीविषयी नाही, ती देण्याघेण्याच्या लिखापढीविषयी आहे, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. मुदतीचा उधार व्यवहार असेल तर तो लिहा, लिहिणारा इन्साफाने लिहो, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. हातोहात रोखीच्या व्यवहाराला मात्र तेथे सूट आहे. आमचे व्यापारी बंधू नेमकी ही सूट पकडतात आणि म्हणतात, नोकराचा पगार आम्ही दर महिन्याला रोख देतो, उधारीचा संबंध येतोच कोठे?

संबंध येतो. पगारी नोकर पहिल्या तारखेला काम सुरू करतो आणि पैसे महिना संपल्यावर घेतो. म्हणजे तीस दिवस तो आपली मेहनत मालकाला उधार देत असतो. गिऱ्हाईकाने महिनाभर किराणा नेला तर दुकानदार प्रत्येक पुडी वहीत मांडतो. मात्र नोकराने महिनाभर घाम नेऊन ओतला, त्याची नोंद कोणत्याच वहीत नाही! या उधारीत धनको नोकर आहे आणि ऋणको सेठ आहे. हे एकदा नीट ध्यानात आले की कागद कोणी कोणाला द्यावा, हा प्रश्न उरत नाही.

आता कायद्याकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. सुरक्षा व आरोग्याविषयीच्या संहितेत नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केलेले आहे. जे आधीपासून कामावर आहेत आणि ज्यांना पत्र मिळालेले नाही, त्यांना अंमलबजावणीपासून तीन महिन्यांत ते द्यायचे होते. ही मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. आपल्या जिल्ह्यातील किती जिनिंग-प्रेसिंगमध्ये, किती दालमिलमध्ये त्या तीन महिन्यांत पत्रे वाटली गेली, याचा विचार वाचकांनी आपापल्या गावापुरता करून पाहावा.

येथे एक मोठी मेख आहे. ही संहिता साधारणपणे १० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. आमच्या बाजारपेठेतील बहुतांश दुकाने तीन-चार नोकरांची. तेव्हा नेमणूकपत्राच्या त्या कलमातून ती सुटली. पण वेतन संहितेला अशी संख्येची अट नाही. प्रत्येक मालकाने पगाराची स्लिप दिली पाहिजे, असे ती सांगते, आणि त्यातून सूट आहे ती शेतीच्या किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्यांना, दुकानदाराला नाही. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, आठवड्याची मजुरी आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. नोकरी सुटली, मग ती राजीनाम्याने असो की काढून टाकल्याने, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. "पुढच्या बाजाराला ये, मग पाहू" हे आता चालणार नाही. किमान वेतनापेक्षा कमी पगारावर नोकर राजीखुशीने तयार झाला, ही सबबही टिकत नाही. हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे. तेव्हा 'माझे सर्व येणे मिळाले' अशा तयार मजकुराखाली किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करायला सांगितले, तर ती करू नये. केली असेल तरीही मुद्दा संपला, असे समजून घरी बसू नये.

स्लिपसारख्या क्षुल्लक कागदाला मी एवढे महत्त्व का देतो, त्याचे कारण न्यायालयात सापडते. वर्षात २४० दिवस काम भरले तर कामगाराला नोकरीतून काढताना काही संरक्षण मिळते, हे बहुतेकांना ऐकून माहीत आहे. पण ते दिवस भरले हे सिद्ध कोणी करायचे? कर्नाटकातील एका वन अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट सांगितले की, हा भार कामगारावर आहे, आणि नुसते प्रतिज्ञापत्र त्यासाठी पुरे नाही. पगाराची पावती, नेमणुकीचा आदेश असे काहीतरी पाहिजे. पुढच्या एका निकालात न्यायालयाने कामगाराची अडचण ओळखली आणि मालकाकडचे मस्टर, पगारपत्रक मागवता येते, हेही मान्य केले. परंतु जेथे मस्टरच नाही, तेथे मागवणार काय?

पैशाच्या बाबतीत मात्र वारे उलट दिशेने वाहते, आणि ही गोष्ट मालकवर्गाने नीट वाचावी. पगार थकल्याचा दावा नोकराने केला, तर तो दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेने मालकावर टाकलेली आहे. ईदच्या तोंडावर हातात ठेवलेले पाच हजार, लग्नाच्या वेळची उचल, दवाखान्याचे बिल, हे सगळे सेठच्या आठवणीत असेल, पण कागदावर नसेल तर ते नसल्यासारखेच. 'कागद दिला की नोकर डोक्यावर बसतो' असे म्हणणाऱ्या सेठला कागदाची गरज नोकराइतकीच आहे. नोटीस किती दिवसांची, पहिले किती महिने परखण्याचे, उचल कशी फिटणार, हे सारे तो त्याच पत्रात लिहू शकतो. ठरावीक मुदतीची नेमणूकही करता येते. अशा मुदतीच्या कामगाराला आता एक वर्ष भरल्यावर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, एवढे मात्र त्याने लक्षात ठेवावे.

कागदाची खरी किंमत अपघातात कळते. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीडच्या बाजूला समृद्धी महामार्गाच्या कामाचे लोखंड घेऊन जाणारा टिप्पर उलटला आणि त्यावर बसलेले १३ मजूर ठार झाले. परराज्यातून पोटासाठी आलेली ही माणसे होती. कामावर मृत्यू आला तर नुकसानभरपाईचा हिशेब कायद्यात ठरलेला आहे: महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. हिशेबात पगार १५,००० रुपयांपर्यंत धरण्याची मर्यादा २०२० साली ठरवण्यात आली. पगार १५,००० असल्याचा पुरावा असेल तर तिशीतल्या मजुराच्या घरच्यांना १५ लाख ५९ हजारांवर रक्कम मिळू शकते. पुरावा नाही म्हणून ९,००० धरले गेले तर ९ लाख ३५ हजार. म्हणजे महिन्याची स्लिप जपून न ठेवल्याने विधवेच्या पदरातून सव्वासहा लाख गेले. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, आता नव्या संहितेत धरला जातो.

आता एका अशा अडचणीविषयी, जी आपल्या वऱ्हाडातील मुस्लिम घरांत जास्त आढळते आणि जिच्याविषयी कोणी बोलत नाही. ती आहे नावाची. समजा मुलाचे नाव शेख रफिक शेख हबीब. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिले 'शे. रफिक शे. हबीब'. आधारवर झाले 'रफिक हबीब शेख'. बँकेत कोणी 'मोहम्मद रफिक' केले. इंग्रजीत तर शेख हा शब्दच चार तऱ्हांनी लिहिला जातो. मुलीचे आणखी कठीण: दाखल्यावर 'परवीन बी', निकाहनंतर 'परवीन बानो', रेशनकार्डावर नुसतेच 'परवीन'. गावात याने काही अडत नाही. पण हा मुलगा वाळूज, जालना किंवा चाकणच्या कारखान्यात लागला, त्याच्या पगारातून दरमहा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी कापला गेला, आणि पाच वर्षांनी पैसे काढायला गेला की अर्ज परत येतो, कारण नावे जुळत नाहीत. कंत्राटदार तोवर बदललेला असतो. तीन ठेकेदारांकडे काम केले तर तीन खाते क्रमांक पडलेले असतात आणि कोणता आपला, हे त्यालाच ठाऊक नसते.

यावर उपाय नोकरीच्या पहिल्या दिवशीच करायचा असतो. दाखला, आधार, बँक यांतील नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख आधी जुळवून घ्यावी, मग फॉर्मवर सही करावी. आधी कोठे निधी कापला जात असेल तर जुना युएएन क्रमांक नव्या मालकाला सांगावा, नवा काढू देऊ नये. जन्मतारखेसाठी आधारवर विसंबू नये. निधी कार्यालयाने जानेवारी २०२४ पासून आधारला जन्मतारखेचा पुरावा मानणे बंद केले आहे. शाळेचा दाखला म्हणूनच जपायचा. ज्यांचा युएएन ऑक्टोबर २०१७ नंतर आधार पडताळून निघालेला आहे, त्यांना जानेवारी २०२५ पासून नावातील दुरुस्ती मालकाकडे खेटे न घालता स्वतः ऑनलाइन करता येते. त्याआधीच्या लोकांना अजून मालकाची सही लागते, तेव्हा मालक ओळखीचा आहे तोवरच हे काम उरकावे.

वारसाच्या नावाचेही असेच. बिनलग्नाचा मुलगा बहुधा भावाचे नाव देतो. लग्न झाले की निधीच्या योजनेप्रमाणे ते नामांकन आपोआप रद्द होते, आणि नवे भरले नसेल तर बायकोला पुढे धावाधाव करावी लागते. निधीच्या सभासदाचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर विम्याचे कमाल ७ लाख रुपये मिळू शकतात, हे किती घरांना माहीत आहे?

एक सूचना मुद्दाम करतो. मूळ दाखला मालकाकडे ठेवू नये. पाहून परत घ्यावा, झेरॉक्स द्यावी. काही ठिकाणी मूळ मार्कशीट अडकवून मुलाला बांधून ठेवतात, आणि काही खासगी शाळांत शिक्षकाला एका आकड्यावर सही करायला लावून हातात दुसराच आकडा देतात, हे उघड गुपित आहे. शिकलेल्या माणसाची ही गत, तर वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कुटुंबाचे काय होत असेल! वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला. उचल फिटेपर्यंत जागा सोडू न देणे हे त्याच कायद्याच्या कक्षेत येते.

आमच्या व्यापारी संघटनांनी यात पुढाकार घ्यायला हरकत नाही. एका पानाचा मराठी नमुना छापून घेतला तर खर्च किती येणार? नाव, काम, रुजू झाल्याची तारीख, पगार आणि त्याचे भाग, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, नोटीस, आणि दोघांच्या सह्या. दोन प्रती, एक सेठच्या फाइलमध्ये, एक नोकराच्या घरी. जिनिंगच्या हंगामी मजुरालाही हंगामापुरता हाच कागद चालतो. ज्याला तेही मिळत नाही, त्याने निदान एक वही घालावी: तारीख, किती तास, किती पैसे मिळाले, कोणाच्या हातून. पगार खात्यावर मागावा, कारण पासबुकाइतका बोलका साक्षीदार नाही. तक्रार करायची ती बुलडाण्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात, निधीची असेल तर अकोल्याला. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिने आणि थकीत पगाराच्या दाव्याला एक वर्ष एवढीच मुदत होती. नव्या संहितेने ती तीन वर्षे केली आहे, तेव्हा गेल्या वर्षीची वही रद्दीत घालण्यापूर्वी तिच्यात काय काय लिहिले आहे, ते एकदा उघडून पाहावे.