उचलीच्या चाकांवरचा संसार

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्य, भांडी आणि तान्ही मुले घेऊन ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. फडाजवळची कोपी हेच त्यांचे पाच-सहा महिन्यांचे घर. हे स्थलांतर स्वखुशीचे नव्हे. मुकादमाची उचल आधीच डोक्यावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब मात्र नवऱ्याच्या नावे. संघटित लढ्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ पदरात पडली. परंतु मुकादम मध्ये आहे तोवर कारखाना मालकाच्या जबाबदारीतून निसटतच राहील. म्हणून प्रत्येक कामगाराची, स्त्रीचीही स्वतंत्र, नोंद कारखान्याच्या हजेरीपटावर झालीच पाहिजे. ज्याच्या गाळपासाठी ऊस तुटतो, जबाबदारीही त्याचीच!